तोंडाला मास्क, पाय चिखलात

परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा तो मेसेज आला. "दरड कोसळलेल्या गावात जाऊ नका, ढिगाऱ्याखालच्या प्रेतांमुळे साथ पसरते. पुढे पाठवा." खाली जोडलेले हात. हाच मेसेज २०२१ साली तळीयेच्या वेळी आला होता. २०२३ ला इर्शाळवाडीच्या वेळी आला, २०२४ ला वायनाडच्या वेळी आला. गावाचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. दर वेळी मी चडफडत गप्प बसतो. या वेळी म्हटलं, बास. शनिवार मोकळा आहे, लिहूनच काढू.

तर झालं असं. माझं आजोळ महाडचं. मामांचं बाजारपेठेत किराणा दुकान. २२ जुलै २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री उगम पावते तिथे आणि वाहते महाडवरून, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगायला नको. दुकान छताला टेकेपर्यंत पाण्यात. आणि त्याच संध्याकाळी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. तीसहून जास्त घरं, ऐंशीहून जास्त माणसं. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. तळीयेतलं शोधकार्य नातेवाइकांच्या संमतीने २६ जुलैला थांबवलं, तेव्हा ३१ जण सापडले नव्हते. त्यांना मृत मानलं गेलं.

घाट बंद होते. वळसे घेत घेत मी महाडला पोचलो तेव्हा पूर ओसरून चार दिवस झाले होते. दुकानात शिरणार तोच मामा आतून ओरडले, "अरे, तोंडाला बांध आधी! हवेत रोगराई आहे." त्यांनी स्वतः एकावर एक दोन मास्क लावले होते, वर पंचा. आणि पायात काहीही नाही. घोटाभर चिखलात उभे राहून फावड्याने सडलेला तांदूळ ओढत होते. फुटक्या बरणीची काच लागून अंगठा कापला होता, त्यावर हळद. मी म्हटलं, "मामा, पायात काहीतरी घाला." तर म्हणाले, "चपला रुततात रे, चालता येत नाही."

तळीयेतली तीन-चार घरं मामांकडून खात्यावर माल नेणारी. पंधरा-पंधरा वर्षांची ओळख. मामा म्हणजे कुणाचीही मयत न चुकवणारा माणूस. पण तळीयेला गेले नाहीत. का? तर तो मेसेज. "तिकडे साथ पसरलीय म्हणतात."

नवव्या की दहाव्या दिवशी मामांना ताप भरला. पहिल्या डॉक्टरांनी 'व्हायरल' म्हणून गोळ्या दिल्या. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की संडासापर्यंत चालवेना. डोळे लाल. मग डोळे पिवळे, आणि लघवी कमी झाली तेव्हा मामी घाबरली. रक्त तपासलं. लेप्टोस्पायरोसिस. दोनदा डायलिसिस झालं. वाचले. पण आजही जिना चढताना मध्ये थांबतात.

आता मुद्द्यावर येतो. जे नाकाला झोंबतं त्याला आपण रोग समजतो, आणि जे झोंबत नाही त्याला स्वच्छ समजतो. हा बिनशर्त मूर्खपणा आहे आणि त्याने माणसं मरतात.

आपण 'जंतू' असा एकच शब्द वापरून मोकळे होतो. अहो, नेटवर्कमध्ये सुद्धा प्रत्येक सर्व्हिसचं पोर्ट वेगळं असतं. वेबचं पोर्ट बंद करून ईमेल थांबत नाही. इथेही तेच. लेप्टोस्पायरा हा जिवाणू. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो, लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरतो, आणि कापलेल्या किंवा पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, नाही तर डोळ्या-तोंडातून आत शिरतो. त्याला वास नाही. मामांनी दोनाच्या जागी दहा मास्क लावले असते तरी तो अंगठ्यातूनच आत गेला असता. कॉलराचाही जिवाणूच, पण तो विष्ठेतून पिण्याच्या पाण्यात आणि तिथून पोटात जातो. त्याच्यासाठी गमबूट काय कामाचे? पाणी उकळा, नाही तर विहिरीत मोजून टीसीएल टाका.

डेंग्यूचा विषाणू. तो डासातून येतो, आणि त्या डासाला गटार नको, तुमच्या पिंपातलं नितळ पाणी हवं! पूर आला की नळ बंद, नळ बंद की घरोघरी पिंपं, म्हणजे आपणच त्याची सोय करतो. मलेरियाचा परजीवी एकपेशीय, त्याचा डास वेगळा. आणि बुरशी? २०२१ च्याच उन्हाळ्यात काळ्या बुरशीने म्हणजे म्यूकरने महाराष्ट्र हादरला होता. तिचे बीजाणू सगळीकडेच असतात, माती, पालापाचोळा, शिळी भाकरी. ती माणसाकडून माणसाला होत नाही. साखर बेसुमार वाढलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या शरीरात तिला रान मोकळं मिळतं. आणि लोक काय करत होते? म्यूकर झालेल्याच्या घरी जायचं टाळत होते.

आम्ही शिकलेलेही काही कमी नाही हं. २०२० मध्ये आमच्या फ्लॅटमध्ये चार इंजिनिअर मिळून भेंडी साबणाने धूत होतो. आणि मग खिडक्या बंद करून, एसी लावून, एकत्र बसून मॅच. कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, भेंडीवरून नाही. कळलं तेव्हा एकमेकांकडे बघून हसलो. पण मामांच्या बाबतीत हसायला जागा नव्हती.

आता प्रेतांचं. भूकंप, पूर, दरड यांत मेलेली माणसं मार लागून, गुदमरून, बुडून मरतात. साथीच्या रोगाने नाही. त्यांच्या अंगात मरण्यापूर्वी साथ नव्हती तर मेल्यावर येणार कुठून? शरीर कुजवणारे जिवाणू वेगळे आणि रोग पसरवणारे वेगळे. शरीर थंड पडलं की रोगाचे बहुतेक जंतू फार काळ तग धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस हे वर्षानुवर्षं सांगताहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या डेर्ना शहरात पुराने हजारो माणसं गेली, तेव्हा या संस्थांनी एकत्र येऊन पुन्हा सांगितलं की भीतीपोटी घाईघाईने सामूहिक दफन करू नका. कॉलरा किंवा इबोलासारख्या रोगानेच माणूस गेला असेल तर गोष्ट वेगळी. प्रेत हाताळणाऱ्या जवानांनी हातमोजे घालावेत, हात धुवावेत, हेही खरं. प्रेतातला मैला विहिरीत झिरपला तर पोट बिघडेल. पण रस्त्यावरून गेलेल्याला, भेटायला आलेल्याला वासाने साथ? नाही.

वासाने रोग होतो हे युरोपातही शेकडो वर्षं मानत होते. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. आपल्याकडे पुण्यात १८९७ साली प्लेग आला तेव्हा रँडच्या माणसांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली, सामान जाळलं, भिंती धुतल्या. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो उंदरांच्या पिसवांतून येतो हे सिमाँने कराचीत दाखवलं १८९८ मध्ये, आणि ते गळी उतरायलाही काही वर्षं गेली. तोवर सगळा जोर माणसांवर आणि घाणीवर. पिसवा कुणाच्या हिशेबातच नव्हत्या.

आणि महाडकरांनी तर हे विसरूच नये. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'बाटलं' म्हणून ते 'शुद्ध' कशाने केलं? गाईचं शेण, मूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून! माणसाच्या ओंजळीने पाणी घाण झालं आणि शेणाने स्वच्छ झालं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दोन्ही दिवसांचं पाणी कुणी ठेवलं असतं तर उत्तर लख्ख दिसलं असतं. किळस एकीकडे आणि रोग दुसरीकडे, हा आमचा रोग इतका जुना आहे. तळीयेच्या उद्ध्वस्त माणसांना 'तिकडून आलेत' म्हणून चार हात लांब ठेवणारा मेसेज त्याच घागरीतला आहे.

आता तुम्ही म्हणाल, भीतीने का होईना, लोक जपतात ना? कुठे जपतात? भीतीचा साठा मर्यादित असतो हो. मामांची सगळी भीती नाकाला खर्च झाली, पायाला उरली नाही. पालिका आणि पंचायती रस्त्याकडेला पांढरी पावडर ओढतात तेही असंच. चिखलावर टाकलेलं क्लोरीन त्या चिखलातच खर्च होतं, फोटो मात्र छान येतो. तीच पावडर विहिरीत मोजून गेली तर माणसं वाचतील.

त्या आठवड्यात महाडात मदतीचे ट्रक रांगेने येत होते. खोटं नाही बोलणार, लोकांनी जीव ओतला. मी स्वतः पुण्याहून काय नेलं? बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, सॅनिटायझर आणि मास्कचे दोन खोके. गमबुटाचा एक जोड नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी आता तुम्हाला अक्कल शिकवतोय.

म्हणून पुढच्या वेळी ट्रक भराल तेव्हा गमबूट भरा, रबरी हातमोजे भरा, झाकणाची पिंपं भरा. पुराच्या पाण्यात उतरलेल्याला डॉक्टरांकडे पाठवा. लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिन देतात, पण ती मनाने घ्यायची गोळी नाही, गरोदर बाई आणि लहान मुलांचं तर अजिबात नाही. आणि पुरानंतर महिनाभरात ताप आला तर 'मी चिखलात होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मामांनी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी.

मामा बरे होऊन घरी आले, त्यानंतर दोन महिन्यांनी तळीयेला जाऊन आले. खात्यावरच्या घरांपैकी एका घरातला एकच जण भेटला. तो म्हणाला, "शेठ, तुमची वाट बघत होतो." मामा एवढंच सांगतात आणि पुढे बोलत नाहीत.

असो. मेसेज पुढे पाठवायचा असेल तर हा पाठवा.