ऑपरेशन कसलं झालं?

आमच्या तारापूरला कुणी इस्पितळातून घरी आलं की दोन दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. हातात शहाळं नाहीतर बिस्किटांचा पुडा, आणि खुर्ची ओढता ओढता पहिला प्रश्न, "ऑपरेशन कसलं झालं?"

माझं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. ते होतं पेनाईल इम्प्लांटचं, म्हणजे लिंगात कृत्रिम आधार बसवण्याचं. या प्रश्नाला बरेच पुरुष "हर्निया" किंवा "हायड्रोसील" असं सांगून मोकळे होतात. माझं मत असं, की दुसऱ्या आजाराचं नाव सांगू नये. नात्यातल्या लेकीसुना हे वाचतात याची जाणीव ठेवूनच लिहितो आहे.

आधी हे आहे काय ते सांगतो. मास्तरकीची सवय, जात नाही! लिंगात स्पंजासारख्या पेशींच्या दोन नळ्या असतात. त्यात रक्त भरलं की ताठरता येते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन यांमुळे हे रक्त भरणं थांबू शकतं. १९९८ साली व्हायग्रा आली आणि पुष्कळांचं काम गोळीवर भागलं. पण काहींना गोळी लागू पडत नाही, इंजेक्शनही नाही. त्यांच्यासाठी त्या दोन नळ्यांत दोन कांड्या बसवतात. एक प्रकार वाकवून ठेवता येणाऱ्या कांड्यांचा. दुसरा पंपाने द्रव भरून फुगवायचा. तो अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली पुढे आणला. पहिल्या प्रकारातलं एक भारतीय बनावटीचं रोपण मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि परदेशी पंपवाल्यापेक्षा ते खूपच स्वस्त पडतं. माझी निवड साधी होती. संधिवाताच्या बोटांना पंप दाबण्याची कटकट नको, म्हणून कांड्या.

आता बरं होण्याविषयी. पहिले दोन आठवडे सूज आणि ठणका असतो. आधार देणारी घट्ट चड्डी, अँटिबायोटिक, जखम कोरडी ठेवणं, जड उचलायचं नाही. साखर ताब्यात ठेवावीच लागते, कारण रोपणाला जंतुसंसर्ग झाला तर बहुधा सगळंच काढावं लागतं. तसं होण्याचं प्रमाण थोडं आहे, पण मधुमेह्याने ते गंभीरपणे घ्यावं. मला तर साखर खाली येईपर्यंत ऑपरेशनची तारीखच दिली नव्हती. संबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावरच. मुंबईहून घरी येताना महामार्ग बरा गेला, पण चिल्हार फाट्यापासून बोईसरपर्यंतचा प्रत्येक खड्डा मोजला. ज्यांना करायचं असेल त्यांनी मांडीखाली उशी न्यावी.

या सहा आठवड्यांत "हर्निया" सांगणाऱ्याचं काय होतं? एक तर चार हर्नियावाले चार सल्ले देतात. ते सोडा. पण जखमेतून पाणी यायला लागलं, ताप भरला, तर मुलाला काय सांगणार? रात्री लघवी अडली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं, तर नळी घालणाऱ्या डॉक्टरला आत रोपण आहे हे कळायला हवं. एमआरआय काढण्याआधीही सांगावं लागतं. आपण बोलण्याच्या अवस्थेत नसलो तर हे सांगणार कोण? ज्याला "हायड्रोसील" म्हणून सांगितलंय तो? खोटं नाव नुसतं खोटं राहत नाही, ते पुढच्या उपचारातही शिरतं.

दुसरं म्हणजे बायको. हा सगळा काळ तीच आपल्या पथ्याचं बघते, आणि पाहुण्यांसमोर खोटं बोलण्याचं कामही तिच्याच माथी येतं. आमच्या सौ.ने आधीच बजावलं होतं, "मी हर्निया-बिर्निया सांगणार नाही." बरोबर होतं तिचं. ऑपरेशनचा निर्णय दोघांचा होता. नुसत्या नवऱ्याच्या हट्टासाठी हे करूच नये, कारण एकदा त्या पेशींच्या जागी कांड्या बसल्या की मागे फिरता येत नाही. आणि यातून इच्छा किंवा प्रेम निर्माण होत नाही. ते आधीपासून असावं लागतं.

"सत्तरी उलटल्यावर कशाला हे?" असं एका मेहुण्यांनी विचारलंच. मोतीबिंदू काढला, कवळी बसवली, गुडघा बदलला, तेव्हा कुणी "आता कशाला?" म्हटलं नाही. म्हातारपणी दिसावं, चावावं, चालावं हे सगळ्यांना मान्य. नवरा-बायकोने जवळ असावं हे मात्र नाही. का बरं?

हा संकोच आपल्याला महागात पडला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ साली त्यांचं निधन होईपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्धच गेला. मात्र 'मर्दानी ताकद' विकणाऱ्यांच्या जाहिराती, १९५४ च्या कायद्याने बंदी असूनही, लोकलच्या डब्यात आणि स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. शहाण्या माणसाने गप्प बसायचं आणि भोंदूने भिंतभर लिहायचं, अशी आपली वाटणी.

त्यात जिवाचाही प्रश्न आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड कधी कधी तिथे आधी दिसतो, हृदयविकाराच्या काही वर्षं आधीसुद्धा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं दिसलं. त्यातले किती पुरुष लाजेपायी ही सूचना दडवत असतील?

मग गावभर दवंडी पिटावी का? अजिबात नाही. खासगी असणं वेगळं आणि लाजिरवाणं असणं वेगळं. शेजाऱ्याला "आहे जरा खासगी, आता बरं आहे" एवढं पुरे. कुणी रागावत नाही, मी पाहिलंय. पण बायको, रात्री-अपरात्री आपल्याला दवाखान्यात नेणारं घरचं एक माणूस, आणि प्रत्येक डॉक्टर, यांना खरं नाव माहीत असलंच पाहिजे. इस्पितळातून मिळालेलं रोपणाचं कार्ड मी पाकिटात ठेवलंय आणि मुलाला दाखवून ठेवलंय. तो जरा अवघडला, मग कार्डाचा फोटो मोबाईलवर काढून घेतला.

मी मात्र सगळ्यांनाच सांगून टाकलं. गेल्या आठवड्यात वर्गातला एक जुना मित्र, त्यालाही वीस वर्षांचा मधुमेह, बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसला. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाला, "त्या डॉक्टरांचा नंबर देशील का रे?"

दिला. पण म्हटलं, आधी हृदय तपासून घे. आणि वहिनींशी बोल.