गटार बांधलें, तें राखावयाचें कोणीं?

मृगाचा पहिला पाऊस शेतकऱ्याच्या जिवाला जितका गोड, तितकाच तो गांवाच्या खालच्या आळीला कडू. वर शिवारांत नांगरट भिजली म्हणून आपण हात जोडतों, आणि त्याच रात्रीं खालच्या आळींत कुंभाराचीं कच्चीं मडकीं विरघळतात, मजुराच्या घरांतलें पीठ गटाराच्या पाण्यांत जातें. पाऊस सर्वांवर सारखा पडतो. पण पाणी उताराकडे धांवतें, आणि उताराला घरें कोणाचीं असतात हें या पत्राच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

पूर्वीं आम्ही ज्या एका गांवीं शिकवीत होतों, तेथें सिमेंटचें नवें गटार झालें. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. दोन वर्षांत त्यांत निम्म्यावर गाळ बसला. तिसऱ्या पावसाळ्यांत एके दिवशीं वर्गांतलीं चार मुलें आलीं नाहींत. चौकशीस गेलों तों दप्तरें दोरीवर टांगलेलीं, पुस्तकांचीं पानें एकमेकांस चिकटलेलीं, आणि आया घरांतला चिखल घमेल्यानें उपसत होत्या. कारभाऱ्यांस विचारलें तर उत्तर मिळालें, "मास्तर, यंत्र नाहीं, पैसा नाहीं, अन् माणूस मिळत नाहीं." या तीन सबबी आज गांवोगांव ऐकूं येतात. त्या एकेक करून पारखूं.

पहिली सबब यंत्राची. नुसत्या यंत्रानें आणि पैशानें भागतें असें म्हणावें तर मुंबईकडे पाहावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराच्या जुन्या नाल्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानें बांधलेल्या. त्या दुप्पट करा, असा अहवाल १९९३ सालींच आलेला होता. बारा वर्षें गेलीं आणि मग पाणी आलें. मुंबईला पैशाची वाण नव्हती. काम वेळेवर झालें नाहीं, एवढेंच.

आपल्याला तर अवजड यंत्राची गरजच थोडी. आमच्या अंबड तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा जातो. पाण्याची पाळी येण्याआधीं चारी साफ करावी लागते हें कोणत्या शेतकऱ्यास शिकवावें लागतें? चारींत गवत माजलें तर शेवटचा वावरवाला कोरडा राहतो. गटारांत गाळ माजला तर शेवटचा घरवाला बुडतो. शास्त्र एकच. चारीला जें आपण करतों तें नालीला करीत नाहीं, कारण चारी आपली वाटते आणि नाली सरकारची!

काम कसें करावें तें सांगतों. रोहिणी निघण्यापूर्वीं आरंभ करावा. सुरुवात गांवांतून नको, नाली जेथें ओढ्याला मिळते त्या तोंडापासून करावी आणि वर वर यावें. तोंड बुजलेलें ठेवून वरचें काढलें तर पाणी खालीं जाऊन तुंबतेंच. वडीगोद्रीसारखें मोठ्या रस्त्यावरचें गांव असेल तर भरावाखालची मोरी आधीं पाहावी. तिच्यांत झुडूप आणि प्लास्टिक अडकलें कीं रस्त्याचा भराव धरणाचें काम करतो. निम्मी नाली गाळानें भरली तर पाणी निम्म्याहूनहि कमी वाहतें, कारण जागा घटते आणि वेगहि मंदावतो. उतार तपासण्यास इंजिनियर नको. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरे. शंभर फुटांस अर्धा फूट उतार मिळाला तर नाली बरीचशी आपली आपण धुतली जाते. वळणावर आणि मोरीच्या आधीं लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे कचरा एका जागीं सांपडतो. आणि काढलेला गाळ कांठावर ठेवूं नये! तो पहिल्याच सरीला परत आंत जातो. आपण मजुरी मात्र दिलेली असते. लांब दांड्याचीं खोरीं, पहारी, घमेलीं, जाळ्या आणि दोन दिवस एक ट्रॉली, इतकी ही सामग्री.

एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारें दोन लाख लिटर पाणी होतें, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. उन्हाळ्यांत ज्या टँकरसाठीं आयाबाया रांगेंत उभ्या राहतात, तेवढें पाणी आपण घरांत शिरूं देतों. कपडे-भांड्यांचें सांडपाणी शोषखड्ड्यांत मुरवावें आणि नाली पावसासाठीं मोकळी ठेवावी.

दुसरी सबब पैशाची. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठीं ग्रामपंचायतींस दिलेल्या अनुदानांतला शेंकडा ६० भाग पाणी व स्वच्छता यांकरितां बांधून दिला होता. पैसा असतो, पण तो बांधण्यावर जातो, राखण्यावर जात नाहीं. बांधलें तर बिल निघतें. राखलें तर कोणाचाहि फोटो निघत नाहीं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणें नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतास हजार रुपये खर्चण्याचा बेत निघाला तेव्हां त्यांनीं एकट्यानें विरोध केला, आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून सांगितलें. सार्वजनिक पैसा कोठें जातो हें विचारण्याची रीत तेव्हांपासून आपल्या घरची आहे.

तिसरी सबब माणसाची, आणि खरी मेख येथें आहे. "माणूस मिळत नाहीं" याचा अर्थ, ज्या जातीच्या माथीं हें काम पिढ्यान्‌पिढ्या मारलें, तिचीं पोरें आतां शिकलीं आणि नाहीं म्हणूं लागलीं. फार चांगलें झालें! घाण सर्वांनीं करावी आणि काढावी एकानें, हा कोणता धर्म? २०१३ च्या कायद्यानें सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारांत किंवा मैल्याच्या टाकींत उतरविणें गुन्हा ठरविलें आहे. असा माणूस मेला तर त्याच्या घरच्यांस ३० लाख रुपये द्यावे, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२३ मध्यें सांगितलें. म्हणून बंद गटारांत कोणींहि उतरूं नये, कोणास उतरवूं नये. उघडी नाली वरून, लांब दांड्यानें काढावी. त्या कामाला गमबूट, हातमोजे आणि पुरी मजुरी द्यावी. आणि दर घरानें आपल्या दारापुढची नाली आपण पाहावी, मग तें घर पाटलाचें असो कीं मास्तराचें. गाडगे महाराज गांवांत शिरले कीं आधीं खराटा हातीं घेत, कीर्तन मागाहून. तो खराटा आपण फोटोंत टांगला आणि हात मोकळे करून घेतले.

तेव्हां १ मेच्या ग्रामसभेला घरचीं बायामाणसें घेऊन जा आणि तीनच गोष्टी विचारा: गटार राखण्यास यंदा किती रुपये धरले? मोरीचें तोंड कोणत्या तारखेला मोकळें होणार? काढलेला गाळ कोठें टाकणार? उत्तरें वहींत लिहून घ्या. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणारें पोर सोबत न्या. त्याचेंच दप्तर भिजावयाचें आहे, तें नीट लिहील.

— एक शाळामास्तर, वडीगोद्री