चाकरमान्यांचे वाङ्मय आणि आपली अभ्यासदृष्टी

'चाकरमानी' हा शब्द शासकीय व्यवहारातून वगळावा आणि त्याच्या जागी 'कोकणवासीय' असा शब्द योजावा, अशी सूचना 2025 च्या ऑगस्ट महिन्यात राज्य शासनाच्या पातळीवर पुढे आली. गणेशोत्सव तोंडावर असल्यामुळे तिची चर्चाही पुष्कळ झाली. मूळ शब्दातील 'चाकर' या अंशामुळे अवमान होतो, ही तिच्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु सुचविलेला पर्याय भाषिक दृष्टीने तपासू लागल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ज्याच्याविषयी हा शब्द योजावयाचा तो माणूस कोकणात वास करीत नाही. तो भांडुपला, मुलुंडला, घाटकोपरला किंवा बोरिवलीला राहतो. त्याची शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, मुलांची शाळा सारे तेथेच असते. मात्र शिमग्यात पालखीला खांदा देण्याचा मान, देवळातील बसण्याची जागा आणि घराण्याच्या गणपतीचे दायित्व ही सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीत असतात. हा दुहेरी निवास नेमका सांगणारा मराठीतील एकमेव शब्द 'चाकरमानी' हाच आहे. तो गावाने घडविला, गावी राहिलेल्यांनी वापरला, आणि त्यात कौतुक, असूया व थट्टा यांचे जे मिश्रण आहे ते कोणत्याही परिपत्रकाने निर्माण होणारे नाही.

प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र हा शब्द नव्हे. या शब्दाने निर्दिष्ट होणाऱ्या समाजाने गेल्या शतकभरात जे लिहिले, छापले, म्हटले आणि सादर केले त्याची मराठी विभागांनी काय दखल घेतली, हा खरा प्रश्न आहे. कोकणातील गाव आपल्या वाङ्मयेतिहासात सन्मानाने आले आहे. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (1952) आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो. मुंबईतील गिरणगावही आले: नारायण सुर्वे आहेत, जयंत पवार यांचे 'अधांतर' (1997) आहे. परंतु गाव आणि गिरणगाव यांच्यामध्ये जी संस्था उभी होती, जिने या दोहोंना बांधून ठेवले, ते ग्रामस्थ मंडळ आपल्या अभ्यासात जवळजवळ कोठेच नाही.

या मंडळांचा उगम परळ-लालबागच्या चाळींतील गावकीच्या खोलीत आहे. एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि मनीऑर्डरने घर चालवीत. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांच्या आणि नोकरदारांच्या 'कुडी' धोबीतलाव-माझगाव भागात याच तत्त्वावर चालत. गावपरत्वे कूड, कुडीत देव्हारा, आणि गावच्या संताचा सण. 1950 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा ज्यांची नोकरी कायम झाली होती आणि ज्यांनी कुटुंब आणले होते ते हळूहळू उपनगरांकडे सरकू लागले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा ओघ वाढला. गावकीच्या खोल्या मोडल्या, मंडळे मात्र मोडली नाहीत. त्यांचा पत्ता तेवढा बदलला. सचिवाचे घर जेथे, तेथे मंडळाचे कार्यालय, आणि मंडळाची पत्र्याची ट्रंक सचिवाच्या पलंगाखाली.

या ट्रंकेत काय असते याची आपण कधी चौकशी केली आहे काय? सभावृत्तांताच्या वह्या असतात. वर्गणीची पुस्तके असतात. नमनाच्या किंवा जाखडीच्या हस्तलिखित वह्या असतात, आणि रौप्यमहोत्सवी व सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असतात. 'स्मरणिका' म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते; अध्यक्षांचे छायाचित्र, ज्वेलर्सची जाहिरात, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी आणि शेवटी एखादी यथातथा कविता, एवढेच आपल्याला आठवते. परंतु तीच स्मरणिका उलटीकडून वाचावी. 'आमच्या गावचा इतिहास' या ठरावीक मथळ्याखाली प्राथमिक शिक्षकाने किंवा निवृत्त गिरणी कामगाराने लिहिलेला जो लेख असतो, त्यात शेतांची नावे, पाणवठ्यांची नावे, देवस्थानांतील मानकऱ्यांचा क्रम आणि कोणत्या घराण्याने कोणत्या साली गाव सोडले याची नोंद असते. ही माहिती अन्यत्र लिहिलेली नसते. शिवाय त्या लेखाची भाषा पाहण्यासारखी असते. लेखक प्रमाणभाषेत लिहू पाहतो, आणि ज्या वाक्यात त्याला खरोखर काही आठवते त्या वाक्यात बोली वर येते. दोन भाषारूपांमधील असा सांधा अभ्यासण्यासाठी याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही.

ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी यांचे नमुने दिले, ते त्या त्या प्रदेशातून घेतलेले होते. त्यानंतरही बोलीचा अभ्यासक सामान्यतः गावी जातो. पण ज्या बोलीचे भाषक मोठ्या संख्येने स्थलांतरित झाले, तिचा अर्धा संसार घाटकोपरच्या चाळीत आणि विरारच्या लोकलमध्ये झाला आहे, ही साधी गोष्ट सर्वेक्षणाच्या आराखड्यात बसत नाही. तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेता येईल. 1854 मध्ये वरच्या सायलेशियातील शेतकरी कुटुंबे लिओपोल्ड मोचिगेम्बा या धर्मगुरूच्या बोलावण्यावरून टेक्सासात गेली आणि त्यांनी पन्ना मारिया हे गाव वसविले. त्यांच्या वंशजांची सायलेशियन बोली भाषावैज्ञानिकांनी तपासली, तेव्हा मूळ प्रदेशात पुढे जर्मनमधून शिरलेले पुष्कळ शब्द तिच्यात आढळले नाहीत. मायभूमीशी संबंध तुटल्यामुळे तेथे बोलीचे जुने रूप टिकून राहिले. आपल्याकडचा प्रकार नेमका उलटा आहे. चाकरमान्याचा संबंध कधी तुटलाच नाही. बोट होती, मग एस. टी. आली, 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यामुळे येथे मुंबईची भाषा दरवर्षी गावी जाते आणि गावची भाषा मुंबईत येते. जतन झाले ते शब्दांचे नव्हे, कर्तव्यांचे. तिसऱ्या पिढीतील बोरिवलीच्या मुलाला 'खंय' आणि 'माका' यापलीकडे मालवणी येत नसेल, पण आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगाने नव्हे तर देवीच्या कौलाने ठरते आणि त्याप्रमाणे रजा टाकावी लागते, हे त्याला ठाऊक असते.

उपनगरातील सभागृहात मंडळाच्या वार्षिक पूजेला घातले जाणारे गाऱ्हाणे हे याचे उत्तम निदर्शन होय. गाऱ्हाणे ही एका अर्थी गावाची मौखिक सनद आहे. रवळनाथ, सातेरी, भूमिका, वेतोबा यांचा उच्चार ज्या क्रमाने होतो, तो क्रम गावाच्या सीमांचा आणि अधिकारांचा असतो. मुंबईत त्या क्रमाला धक्का लागत नाही. मागणे मात्र बदलते. नोकरी, सदनिका, परदेशीचा परवाना ही सारी त्यात आली, आणि श्रोत्यांचे 'होय महाराजा' तेवढ्याच ठामपणे येत राहिले. संहितेचा स्थिर भाग कोणता आणि चल भाग कोणता, हा लोकवाङ्मयाच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न. त्याचे जिवंत उत्तर विद्यापीठापासून लोकलच्या काही स्थानकांवर उपलब्ध असताना आपण तो केवळ पाश्चात्त्य सिद्धान्तग्रंथांतून शिकवितो, हे थोडेसे चमत्कारिकच आहे.

मालवणीला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळाली ती गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' (1980) या नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने. त्या नाटकाचे ऋण मोठे आहे. ज्या बोलीत बोलताना मुंबईत संकोच वाटे ती तिकीट काढून ऐकण्याची गोष्ट झाली. तथापि त्या यशाची एक किंमतही बोलीला द्यावी लागली, असे माझे मत आहे. त्यानंतर मालवणी म्हणजे विनोद हे समीकरण इतके रूढ झाले की शोक, भक्ती, तत्त्वचिंतन हे सारे याच बोलीत होत असते याचा आपल्याला विसर पडला. रत्नागिरीकडच्या बोलींना तर तेही भाग्य लाभले नाही. दशावतारातील उत्स्फूर्त संवाद ऐकणाऱ्याला किंवा शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात मायाब्रह्माविषयी होणारा सवाल-जवाब मध्यरात्रीपर्यंत ऐकणाऱ्याला हे समीकरण किती अपुरे आहे ते निराळे सांगावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गावाशी असलेले नाते सर्वांसाठी सारखे नव्हते. मानपान म्हटले की तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच. कोकणातील दलित समाजानेही मुंबईत गाववार संघटना बांधली आणि बौद्धजन पंचायत समितीच्या रूपाने ती टिकली. परंतु तिच्या स्मृतीत गावचे देऊळ नसते, गावच्या वेशीबाहेरची वाडी असते. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (2003) वाचणाऱ्याला गाव हे केवळ ओढीचे ठिकाण आहे असे म्हणता येणार नाही. दुसरी उणीव स्त्रियांची. मंडळांचे सभावृत्तांत हे पुरुषांचे वृत्तांत आहेत. गिरणीच्या काळात स्त्री गावी राहिली, शेती आणि सासू-सासरे सांभाळीत राहिली, आणि मनीऑर्डरच्या कुपनावरील दोन ओळी दुसऱ्याकडून वाचून घेत राहिली. या वियोगाची गाणी तिच्याकडे आहेत, ट्रंकेत नाहीत. त्यामुळे केवळ मंडळाचे दप्तर मिळवून काम भागणार नाही. त्या पिढीतील ज्या वृद्धा आज मुलांकडे अंधेरी-मुलुंडला आल्या आहेत त्यांचे ध्वनिमुद्रण तातडीने व्हायला हवे.

तातडीने म्हणण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. उपनगरांतील चाळी आणि जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. संक्रमण शिबिरात जाताना माणूस भांडी नेतो, ट्रंक नेतोच असे नाही. ग्रंथालये स्मरणिका घेत नाहीत, कारण त्या विक्रीस नसतात. तंजावरच्या मराठी हस्तलिखितांना सरस्वती महालासारखे छप्पर मिळाले म्हणून आज आपण भोसलेकालीन मराठी नाटकांविषयी बोलू शकतो. चाकरमान्यांच्या पाठीशी राजा नव्हता. मुंबईतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी निदान आपल्या परिसरातील मंडळांची सूची करावी, पदव्युत्तर प्रकल्पासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला एक मंडळ द्यावे आणि जे मिळेल त्याची छायाप्रत विभागात ठेवावी, एवढे काम कोणत्याही अनुदानाशिवाय होण्याजोगे आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आजोबाच अशा मंडळांचे खजिनदार होते.

अडचण एकच येईल, आणि ती जाखडीच्या वह्यांबाबत. शाहीर आपली वही सहजासहजी दाखवीत नाही. ती गुरूकडून आलेली असते, आणि तिच्यातील सवाल प्रतिपक्षाच्या हाती पडला तर पुढच्या हंगामाची बारी गेली असे तो मानतो. त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून वही मागताना ती शाहिराच्या हयातीत, किंवा तो सांगेल तितकी वर्षे, कोणालाही वाचावयास दिली जाणार नाही असे विभागाने लेखी द्यावे, आणि ते पाळावे.