राजकीय मजकूर आधी नाव झाकून वाचावा : नागरिकांना जाहीर आवाहन

एखादा राजकीय मजकूर देशहिताचा की द्रोहाचा, पुरोगामी की प्रतिगामी, हे पुष्कळदा त्यात काय लिहिले आहे यापेक्षा तो कोणाचा आहे यावरूनच ठरते. ‘केसरी’तील लेखनावरून 1897 साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तर तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. 1908 मधील राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीवर सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. कौल 7 विरुद्ध 2 असा पडला आणि टिळकांची रवानगी सहा वर्षांसाठी मंडालेला झाली. त्या त्या खटल्यात मजकूर सर्वांपुढे एकच होता. सदस्य अप्रामाणिक होते असेही मानायला नको. मत आधी आणि वाचन मागून, एवढेही पुरते.

1916 साली बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. उच्च न्यायालयात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी सुटी वाक्ये न उचलता भाषणे सबंध विचारात घेतली आणि तो हुकूम रद्द केला. वक्ता तोच होता!

मत आधी ठरवून वाचण्याचा दोष परकीय राज्यापुरता नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांपुढे गरिबांच्या मदतीची धोरणे ठेवली. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे कळताच त्यांना एरवी न पटणारे धोरणही पटले. विचारल्यावर मात्र, आपण मजकूर पाहूनच ठरवले, असे ते सांगत.

म्हणून निवडणुकीच्या काळात मतदारांनी, वाचनालयांनी आणि अभ्यासमंडळांनी जाहीरनाम्याचे पहिले वाचन पक्षाचे नाव आणि चिन्ह झाकून करावे. कोणत्या वाक्याला काय म्हणायचे, याचे निकष वाचनाआधीच लिहून ठेवावेत. भिन्न मतांच्या किमान दोघांनी एकमेकांना न विचारता वर्गवारी करावी. एकाच विचाराचे दहा जण जमवून उपयोग नाही. नाव कायमचे झाकून अर्थात चालणार नाही, कारण पूर्वीची आश्वासने कोणी पाळली हे नावाशिवाय कळत नाही. तो हिशेब दुसऱ्या वाचनात मांडावा. ज्या वाक्यांवर एकमत होणार नाही, ती हात वर करून निकालात न काढता दोन्ही अर्थांसह वेगळी नोंदवावीत आणि उमेदवार सभेला आला की त्यालाच विचारावीत.