काम्पुंग : वस्ती सुधारली, जमीन कोणाची?

जकार्ता खचत आहे. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील ह्या महानगराचे काही भाग दरवर्षी कित्येक सेंटिमीटरने खाली जात आहेत. उत्तरेकडच्या कित्येक वस्त्या आज समुद्राच्या पातळीखाली असून केवळ एका बंधाऱ्याच्या आडोशाने त्या कोरड्या राहिल्या आहेत. ह्या संकटावर इंडोनेशियाच्या राज्यकर्त्यांनी २०१९ साली जो उपाय जाहीर केला तो राजधानीच पूर्व कालिमांतानच्या जंगलपट्ट्यात हलविण्याचा. मंत्रालये हलविता येतात, राष्ट्राध्यक्षांचा प्रासादही हलविता येतो. परंतु बंधाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून राहणारा मच्छीमार, बाजारात हातगाडी लावणारी बाई, गिरणीतला मजूर हे कोठे हलणार? ते आहेत तेथेच राहणार, आणि म्हणून त्यांच्या वस्तीचे काय करायचे हा प्रश्नही आहे तेथेच राहणार.

शहर खचण्याची कारणे अनेक आहेत. मूळची गाळाची भूमी आणि तीवर चढविलेला इमारतींचा भार ही त्यांतली काही. पण मुख्य कारण भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा हे आहे. कारखाने, हॉटेले आणि उंच इमारती खोल विंधण विहिरींनी पाणी खेचतात. नळ न पोचलेल्या वस्त्यांतील माणसे उथळ विहिरींतून आपल्यापुरते काढतात किंवा हातगाडीवरचे पाणी चढ्या भावाने विकत घेतात. ह्या देशाच्या राज्यघटनेचे तेहेतिसावे कलम असे सांगते की, भूमी, जल आणि त्यांतील संपत्ती राज्याच्या अधीन राहील व ती जनतेच्या जास्तीत जास्त समृद्धीसाठी वापरली जाईल. त्याच देशात सुहार्तो-राजवटीच्या अखेरच्या पर्वात जकार्ताचा पाणीपुरवठा एका ब्रिटिश आणि एका फ्रेंच कंपनीकडे, राजवटीच्या मर्जीतील भागीदारांसह, पंचवीस वर्षांच्या कराराने देण्यात आला. करार फेब्रुवारी १९९८ मध्ये अमलात आला आणि मे महिन्यात सुहार्तो पायउतार झाले. करार मात्र पायउतार झाला नाही. नागरिकांनी न्यायालयात झुंज दिली, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीकरणाविरुद्ध निर्णय दिला, तरीही मुदत पुरी होऊन करार संपायला २०२३ चा जानेवारी उजाडला. जमीन खचते ती निसर्गाच्या लहरीने असे म्हणणाऱ्यांनी ही तारीखवार हकीकत एकदा नजरेखालून घालावी.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, शहरी गरिबांच्या वस्त्या जागच्या जागी कशा सुधाराव्यात ह्याचा वस्तुपाठ एके काळी ह्याच देशाने जगाला दिला होता. तो वस्तुपाठ आणि त्यातील उणीव, दोन्ही आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारख्या आहेत.

'काम्पुंग' ह्या शब्दाचा मूळ अर्थ गाव. शहर वाढत जाऊन गावाला गिळते तेव्हाही तो शब्द टिकतो आणि शहराच्या पोटातील दाट, बहुधा एकमजली घरांच्या, बोळाबोळांच्या वस्तीला लावला जातो. त्यात झोपड्या असतात तशी पक्की घरेही असतात. पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली कुटुंबे असतात तसा काल आलेला भाडेकरूही असतो. त्यामुळे 'गलिच्छ वस्ती' हा आपल्या सरकारी दप्तरातला शब्द काम्पुंगला लावता येत नाही. (आपल्याकडील गावठाण आणि कोळीवाडा ह्यांचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल.) डच अंमलात गोऱ्यांसाठी मेंतेंगसारखी प्रशस्त उपनगरे आखली गेली आणि काम्पुंगकडे लक्ष गेले ते साथीच्या रोगांच्या भीतीने. काम्पुंगमधील चिखल, पाणी आणि गटारे हा हक्काचा प्रश्न म्हणून बटाव्हियाच्या नगरसभेत व पुढे फोल्क्सराद ह्या वसाहतीच्या प्रतिनिधिगृहात लावून धरणाऱ्यांत मुहम्मद हुस्नी तामरिन हे नाव अग्रभागी होते. स्वातंत्र्यानंतर सुकार्नोंच्या काळात जकार्ताला जगापुढे मिरविण्याची हौस आली. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी सेनायान भागातील काम्पुंग उठवून तेथे क्रीडासंकुल उभे राहिले व रहिवाशांना तेबेतला धाडण्यात आले.

१९६९ साली जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन ह्यांनी दुसरी वाट धरली. सर्वांना नवी घरे बांधून देण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता व तो कधी येईल अशी आशाही नव्हती. तेव्हा घरांना हात न लावता घरांमधल्या जागेला हात घालायचा असे ठरले. चिखलाच्या बोळांत काँक्रीटच्या पायवाटा, त्यांच्या कडेने गटारे, सार्वजनिक नळ, स्नान-धुणे-शौचासाठी सामायिक जागा, कचऱ्याची व्यवस्था, प्राथमिक शाळा, दवाखाना, एवढाच कार्यक्रम. पायवाट रुंद करण्यासाठी लोकांनी आपल्या अंगणाची पट्टी सोडली. घर सुधारणे ज्याचे त्याच्यावर सोपविले होते, आणि लोकांनी ते केलेही. दाराशी पाणी साचेनासे झाल्यावर बांबूच्या भिंतींच्या जागी विटा आल्या, पत्रे जाऊन कौले आली. पहिल्या पाच वर्षांतच दहा लाखांहून अधिक लोकांच्या वस्त्यांपर्यंत हे काम पोचले. त्याला तामरिन ह्यांचे नाव देण्यात आले. १९७४ पासून जागतिक बँकेचे कर्ज मिळू लागले, इतर शहरांतही योजना पसरली आणि १९८० साली जकार्ताच्या ह्या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ज्यात एकही देखणी इमारत नाही अशा गटारांच्या नि पायवाटांच्या कामाला वास्तुकलेचा पुरस्कार मिळावा, ह्यात त्या पुरस्कार देणाऱ्यांचेही कौतुक आहे.

सुराबाया शहराने ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथे राष्ट्रगीताचे रचनाकार सुप्रातमान ह्यांच्या नावाने चाललेल्या योजनेत वस्तीने आधी स्वतः ठरवायचे, आपला वाटा उभा करायचा आणि मग नगरपालिकेने त्यात भर घालायची अशी रीत होती. योहान सिलास हे स्थापत्याचे अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे काम्पुंगांतून हिंडले. रहिवासी स्वतःचे घर कसे वाढवतो, भाडेकरू का ठेवतो, ओसरीवर धंदा का मांडतो हे त्यांनी समजून घेतले व त्यावरून आराखडे केले. सुराबायालाही १९८६ मध्ये तोच पुरस्कार मिळाला. वस्ती म्हणजे कारखानाही असते आणि बाजारही असतो, हे ज्या नगररचनाकाराला कळत नाही तो गरिबाला पंधराव्या मजल्यावर नेऊन बसवितो आणि त्याची उपजीविका तळमजल्यावरच राहून जाते.

येथवरची कथा कोणाही भल्या माणसाला आवडेल. समाजवाद्याला मात्र पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. हे काम चालले होते ते कोणत्या राजवटीत? १९६५–६६ मध्ये लाखो डाव्या कार्यकर्त्यांच्या व निरपराध खेडुतांच्या प्रेतांवर जी सत्ता उभी राहिली तिच्या छायेत. लोकशाही समाजवादाचा आवाज तर त्याआधीच बंद झालेला होता. आशियाई समाजवादी परिषदेच्या स्थापनेत ज्याचा वाटा होता आणि जिचे दुसरे अधिवेशन १९५६ साली मुंबईत भरले, त्या परिषदेतील सुतान शहरीर ह्यांच्या पक्षावर सुकार्नोंनी १९६० सालीच बंदी घातली होती. सुहार्तोंच्या अंमलात राजकीय पक्षांना निवडणुकीखेरीज एरवी गावपातळीवर काम करण्यास मज्जाव होता. काम्पुंगात पायवाट येत होती, पण पायवाटेवर सभा घेता येत नव्हती. सादिकिन ह्यांनीच १९७० मध्ये जकार्ता हे 'बंद शहर' म्हणून जाहीर केले व खेड्यातून येणाऱ्यांना दार लावून घेण्याचा प्रयत्न केला. पुढच्या प्रशासकांनी तर बेचाक, म्हणजे पायाने चालविण्याच्या तीनचाकी रिक्षा, हजारोंनी जप्त करून जकार्ताच्या उपसागरात बुडविल्या. न्यायाची बाब म्हणून हेही नोंदविले पाहिजे की, १९८० साली सुहार्तोंच्या एकाधिकारशाहीविरुद्ध पन्नास मान्यवरांनी जे निवेदन काढले त्यावर सही करण्याचे धैर्य सादिकिन ह्यांनी दाखविले आणि त्याची किंमतही मोजली.

ह्या राजवटीने एक गोष्ट कटाक्षाने टाळली. ती म्हणजे काम्पुंगच्या जमिनीचा हक्क. १९६० चा मूलभूत भूमी कायदा जमिनीच्या प्रत्येक हक्काला सामाजिक कर्तव्य आहे असे मानतो. पण काम्पुंगमधील बहुसंख्य कुटुंबांजवळ नोंदणीचा दाखलाच नव्हता, आणि सुधारणेच्या योजनेने तो दिला नाही. परिणाम काय झाला? पायवाटा आल्या, गटारे आली, तशी जमिनीची किंमत चढली. १९८० नंतरच्या बांधकामाच्या लाटेत जकार्ताच्या मध्यभागातील जागा कार्यालये, हॉटेले आणि बाजारसंकुले ह्यांना हव्याशा झाल्या, तेव्हा सुधारलेले कित्येक काम्पुंगही पुसले गेले. ज्या तामरिन ह्यांचे नाव वस्तीसुधारणेला दिले होते त्यांच्याच नावाच्या राजमार्गावर आज काचेचे मनोरे उभे आहेत. सरकारी पैशाने वाढलेले जमिनीचे मोल रहिवाशाच्या पदरात पडले नाही, ते भांडवलदाराच्या पदरात पडले. वस्तीसुधार आणि भूमिहक्क ह्यांची फारकत केली की असेच घडणार.

हक्क मिळाला तो जेथे लोक हटले नाहीत तेथे. योग्यकार्ता शहरात गोंदोलायु पुलाखाली, चोदे नदीच्या काठी कचरा वेचणारे, रिक्षावाले आणि देहविक्रयावर जगणाऱ्या स्त्रिया ह्यांची वस्ती होती. कॅथलिक धर्मगुरू, वास्तुविद आणि कादंबरीकार असलेले मांगुनविजाया १९८० नंतरच्या वर्षांत त्यांच्यात राहावयास गेले. बांबू आणि नारळाचे लाकूड वापरून लोकांनी त्यांच्याबरोबर घरे बांधली, कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ती रंगविली. शासनाने वस्ती उठविण्याचा घाट घातला तेव्हा ह्या धर्मगुरूंनी उपोषणाचा इशारा दिला, वस्ती राहिली. हेच मांगुनविजाया १९८९ साली केदुंग ओम्बो धरणाच्या पाण्याने वेढलेल्या खेडुतांच्या मुलांसाठी उभे राहिले. नर्मदेच्या काठावर काम केलेल्या आमच्या मित्रांना ह्यात ओळखीची खूण सापडेल. सुराबायात वोनोक्रोमो नदीच्या काठच्या रहिवाशांनी वेगळीच युक्ती योजिली. नदी तुम्ही अडवता, घाण करता, असा आरोप झाला तेव्हा त्यांनी आपणहून घरे काही मीटर मागे घेतली, घरांची तोंडे नदीकडे केली, कचरा वेगळा करून खत केले, आणि कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बोट दाखविले. २००७ साली प्रांतिक कायद्याने त्यांचे काठावर राहणे अटींसह मान्य केले. तरीही दोन वर्षांनी शेजारच्या जागिर भागातील घरे पाडली गेलीच.

जकार्तात ११ एप्रिल २०१६ रोजी बंदराजवळील काम्पुंग आक्वारियम पूररक्षण आणि वारसास्थळ ह्यांच्या नावाखाली जमीनदोस्त करण्यात आला. रहिवाशांना दूरच्या भाड्याच्या सरकारी चाळींत पाठविले. मासळीबाजार एका टोकाला आणि बिऱ्हाड दुसऱ्या टोकाला. काही कुटुंबे गेलीच नाहीत. आपल्याच घरांच्या राडारोड्यावर ताडपत्र्या बांधून ती राहिली. शहरी गरिबांच्या संघटनेने पुढील वर्षीच्या निवडणुकीत उमेदवाराशी लेखी राजकीय करार केला. निवडून आलेल्या गव्हर्नरांच्या कारकीर्दीत त्याच जागी पाच इमारती आणि २४१ घरे ह्यांची योजना झाली, रहिवाशांनी आराखड्यात भाग घेतला, पहिल्या इमारतींचे उद्घाटन १७ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी झाले, आणि कारभार त्यांच्या सहकारी संस्थेकडे आला. स्वातंत्र्याचे दुसरे शिल्पकार मोहम्मद हत्ता हे सहकाराचे कडवे पुरस्कर्ते होते. तेथील लोकांना ह्या घटनेत त्यांची आठवण झाली असेल तर नवल नाही. एका गव्हर्नराच्या मर्जीने जे झाले ते दुसऱ्याच्या नामर्जीने अडू शकते, हे मात्र काम्पुंग बायामने दाखविले. क्रीडांगणासाठी उठविलेल्या ह्या वस्तीसाठी इमारत बांधली गेली, २०२२ मध्ये तिचा समारंभही झाला, आणि रहिवासी पुढे वर्षानुवर्षे चाव्यांची वाट पाहत राहिले.

ज्या बँकेने जकार्ताला कर्ज दिले तिनेच १९८५ पासून मुंबईत वस्तीसुधाराला कर्ज दिले. त्यात झोपडीवासीयांच्या सहकारी संस्थांना जमीन पट्ट्याने देण्याची तरतूद होती. जकार्ताने जे टाळले ते येथे कागदावर तरी होते. पण १९९५ नंतर महाराष्ट्राने तो मार्ग सोडून झोपडीवासीयाला इमारतीत चढविण्याचा आणि मोकळी झालेली जमीन विकासकाच्या हाती देण्याचा मार्ग धरला. धारावीत आज पात्र कोण आणि अपात्र कोण ह्याच्या याद्या चालल्या आहेत. अशा वेळी आपल्या शाखांनी नळ आणि शौचालयाच्या अर्जांवर सह्या गोळा करून थांबू नये. त्याच अर्जात जमिनीचा पट्टा वस्तीच्या सहकारी संस्थेच्या नावे करण्याची मागणी पहिल्या क्रमांकावर असावी, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून ती लेखी घ्यावी. आक्वारियमच्या लोकांनी कराराचा कागद करून घेतला म्हणूनच त्यांना नंतर बोलावयास तोंड राहिले.

आक्वारियमच्या इमारती आज उभ्या आहेत. त्यांच्या खालची जमीन मात्र अद्याप जकार्ता प्रांताचीच आहे.