आधीचा कागद कुठाय, बॉस?

आपल्या जालन्यात स्टील कारखान्याच्या गेटवर भंगाराचा ट्रक आला, की कोणी नुसत्या शब्दावर पैसे मोजत नाही. आधी भरलेला, मग रिकामा, ट्रक दोनदा काट्यावर चढतो. मग नव्या एअर फिल्टरने ‘पाच हॉर्सपॉवर वाढली’ हे आपण नुसत्या आवाजावरून का मानायचं?

गाडीचा काटा म्हणजे डायनो. चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं मशीन. पण त्यातही गोम आहे. १५ अंशांची हवा ४२ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास ९ टक्के दाट असते. त्यामुळे टर्बो नसलेली १०० हॉर्सपॉवरची गाडी नवीन जालन्यात मे महिन्यातल्या दुपारपेक्षा डिसेंबरच्या पहाटे पाचेक हॉर्सपॉवर जास्त देते. तेही काही न बसवता, एकदम फुकट!

म्हणून मला कोणी आकडा सांगितला, की मी एकच विचारतो, ‘आधीचा कागद?’ पार्ट बसवण्याआधी तीन रन, नंतर तीन. दिवस तोच, डायनो तोच, गिअरही तोच. फक्त ‘नंतर’चा कागद दाखवणारा भरलेल्या ट्रकचं वजन सांगून मालाचे पैसे मागतोय. पाकीट खिशातच राहू द्या!