दुभाषी ते परराष्ट्रमंत्री

ज्या घरात दोन भाषा नांदतात, तिथल्या मुलांच्या गळ्यात एक काम न सांगता पडते. आजीचे मराठी शेजारच्या अज्जींना समजावणे, कचेरीतून आलेला कन्नड कागद आजोबांना वाचून दाखवणे. हे काम आपण कामात धरत नाही. दक्षिण कोरियातल्या एका बाईंचे आयुष्य मात्र याच कामाने घडवले.

कांग क्यूंग-ह्वा यांचा जन्म १९५५ चा, सोल शहरातला. वडील नभोवाणीवर निवेदक. त्यांच्या नोकरीमुळे लहानपणीची काही वर्षे अमेरिकेत गेली आणि इंग्रजी अंगवळणी पडली. पुढे राज्यशास्त्राची पदवी, अमेरिकेत डॉक्टरेट, मग संसदेच्या सभापतींच्या कार्यालयात नोकरी.

१९९७ च्या अखेरीस कोरिया कर्जात बुडत होता. नवे निर्वाचित अध्यक्ष किम दे-जुंग यांचे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्याशी फोनवर बोलणे झाले, तेव्हा मध्ये दुभाषी होत्या कांगबाई. देशाची पत पणाला लागलेली असताना एकही शब्द सांडून चालणार नव्हते. १९९८ मध्ये त्यांना परराष्ट्र खात्यात घेण्यात आले, तेही मुत्सद्द्यांची नेहमीची परीक्षा न देता! त्यानंतर दहा वर्षे संयुक्त राष्ट्रसंघात गेली, आधी मानवी हक्कांच्या आणि मग आपत्तीतील मदतीच्या कामात.

२०१७ मध्ये परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांचे नाव पुढे आले आणि वादळ उठले. मुलीला हव्या त्या शाळेत घालण्यासाठी चुकीचा पत्ता नोंदवल्याचे उघडकीस आले. त्यांनी माफी मागितली, पण विरोधकांनी संमती दिली नाही. अध्यक्ष मून जे-इन यांनी तरीही त्यांना नेमले. कोरियाच्या त्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री. चूक लहान नव्हती, आणि ती त्यांच्या नावाला चिकटून राहिली, हेही सांगितले पाहिजे.

पुढे उत्तर कोरियाशी २०१८ मध्ये झालेल्या वाटाघाटींच्या काळात आणि २०२० च्या कोरोनात त्याच देशाची बाजू जगापुढे मांडत होत्या. पांढरे केस न रंगवता, शांतपणे, सोप्या इंग्रजीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी पद सोडले.

दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून ते न बिघडवता तिसऱ्यापर्यंत पोचवणे, हीच मुत्सद्देगिरीची पहिली पायरी. तेव्हा उद्या नातू आजीचे बोलणे कन्नडमध्ये सांगू लागला, तर त्याला घाई करू नका. शब्द शोधायला त्याला थोडा वेळ द्या.